मणक्यातला ‘गॅप’ आणि मनातली भीती

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य कधीच कानावर पडले नाही, असे मराठी घर विरळाच. कंबर दुखू लागते, आठ-पंधरा दिवस मलम आणि शेक चालतो, मग कुणी तरी सुचवते म्हणून एमआरआय काढला जातो. अहवालात ‘एल फोर-एल फाइव्ह’च्या पुढे इंग्रजीत चार-सहा ओळी येतात. त्यांचा अर्थ कधी दवाखान्यात, कधी औषधाच्या दुकानात, तर कधी शेजाऱ्यांकडून एकाच शब्दात सांगितला जातो, गॅप. त्या दिवसापासून घरातले नियम बदलतात. बादली उचलायची नाही, जमिनीवर बसायचे नाही, नातवाला कडेवर घ्यायचे नाही. कमरेला पट्टा लागतो. दुखणे सहा आठवड्यांत गेले, तरी पट्टा आणि धास्ती वर्षानुवर्षे राहते.

गंमत अशी, की हा शब्द वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. दोन मणक्यांमध्ये जागा असणे हीच निरोगी अवस्था. वय वाढते तशी ती जागा वाढत नाही, कमी होते. म्हणजे ज्याला आपण ‘गॅप आला’ म्हणतो, तिथे बहुतेक वेळा असलेला गॅप कमी झालेला असतो. एका चुकीच्या शब्दाने एवढे काय बिघडते, असे कुणी विचारेल. कंबरदुखीच्या बाबतीत पुष्कळ बिघडते. हे दुखणे किती टिकणार, हे माणूस दुखू लागल्यावर काय करतो यावर बरेचसे ठरते. आणि तो काय करतो, हे त्याला काय सांगितले गेले यावर ठरते.

आधी कणा आहे कसा, ते पाहू. मानवी कण्यात मूळचे ३३ मणके असतात. मानेचे ७, बरगड्या जोडलेले १२ आणि कमरेचे ५. त्याखालचे ५ मोठेपणी एकमेकांना जुळून त्रिकास्थी बनते आणि शेवटच्या साधारण ४ मणक्यांचे माकडहाड. म्हणजे स्वतंत्र हलणारे मणके २४. मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा वेगळ्या प्रकारचा असतो. तिथून खाली मात्र दर दोन मणक्यांमध्ये एकेक गादी असते, अशा एकूण २३. बाजूने पाहिले तर कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेशी आणि कमरेशी तो पुढे झुकतो, छातीच्या पातळीवर मागे. ‘ताठ कण्याचा माणूस’ हे स्वभावाचे वर्णन म्हणून छान आहे, पण शरीरात धक्के पेलण्याचे काम बाकदार कणाच चांगले करतो.

मणक्यांच्या मागच्या बाजूला एकाखाली एक आलेल्या कड्यांमधून एक नळी तयार होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली येतो. पुष्कळांना वाटते तसा तो कमरेच्या तळापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका लोंबतो. कण्यातून एकूण नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. कमरेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या काही नसा एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस बनते आणि ती नितंबातून पायाकडे उतरते. ‘सायटिका’ हे नाव तिच्यावरूनच आले.

आता गादीकडे वळू. बाहेरून चिवट तंतूंचे थरावर थर आणि आत पाणीदार गर, अशी तिची रचना असते. तरुणपणी या गराचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच असतो. ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो, पण ती ओल्या साबणाच्या वडीसारखी सटकू शकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. होते ते एवढेच, की कधी तिची कड थोडी फुगते, तर कधी बाहेरच्या थरांना चीर पडून आतला गर बाहेर डोकावतो.

प्रौढ वयात या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिला लागणारे अन्न आणि पाणी वर-खालच्या मणक्यांतून झिरपत येते. दिवसभर शरीराचा भार पडला की गादीतले थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत भरते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. भारच नसलेल्या अंतराळात अंतराळवीरांची उंची तर काही सेंटिमीटरने वाढते. दाब कमी-जास्त होणे, हालचाल होणे, ही या गादीची रोजची गरज आहे. तिला काचेच्या भांड्यासारखे जपायला निघालेला माणूस तिचे भले करत नाही.

वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते, ती थोडी बसते, तिच्या कडा फुगतात, मणक्यांच्या काठांवर हाडाचे बारीक कंगोरे येतात. केस पिकावेत तसाच हा प्रकार. पिकलेले केस दिसायला आरसा पुरतो, गादीतले बदल दिसायला एमआरआय लागतो. आरशातले पांढरे केस पाहून आपण डोकेदुखीचे कारण सापडले असे म्हणत नाही. एमआरआयच्या बाबतीत मात्र नेमके तेच करतो.

हे नुसते मत नाही. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांच्या गादीचा भाग एका बाजूला बाहेर आलेला होता. सगळ्या गाद्या अगदी व्यवस्थित असलेले लोक होते जेमतेम ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत. यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती.

याचा अर्थ एमआरआय खोटे बोलतो असा नाही. तो जे आहे ते चोख दाखवतो. पण दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण असते, हे त्याने कधीच म्हटलेले नाही. ते आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये ठरावीक आजार किंवा इजा दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, गादी, झोप, ताण, कामाची पद्धत अशा अनेक गोष्टींचा तो मिळून परिणाम असतो. ‘नेमके कारण दिसत नाही’ याचा अर्थ ‘दुखणे खोटे’ असाही नाही. कंबर धरली की साधी कूस बदलताना जीव जातो, आणि तो त्रास शंभर टक्के खरा असतो. पण खूप दुखणे म्हणजे खूप मोडणे नव्हे. हे एक वाक्य रुग्णाला पहिल्याच भेटीत कुणी तरी नीट सांगायला हवे.

ते न सांगितल्याची किंमत मोठी असते. ‘गॅप’ ऐकलेला माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की पाठीचे आणि पोटाचे स्नायू दुबळे होतात. मग थोड्या कामानेही दुखते, आणि दुखले की मणक्याबद्दलचा समज पक्का होतो. अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जाई. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीचा सल्ला मिळालेल्यांची तुलना केली गेली. दोन दिवसांच्या गटातल्या लोकांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या १८६ रुग्णांच्या अभ्यासाने आणखी पुढचे दाखवले. झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचा उपचार नेहमीसाठी वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे मात्र पट्टा हाच कंबरदुखीचा गणवेश झाला आहे.

‘मग नस दबलेली असते त्याचे काय?’ हा रास्त प्रश्न आहे. गादीतला गर बाहेर येऊन नसेला लागला की दुखणे नितंबातून मांडी-पोटरीपर्यंत उतरते, मुंग्या येतात, कधी पायाचा जोर कमी होतो. हा त्रास खरोखर गादीमुळे असतो आणि तो भयंकर असतो. पण इथेही शरीराच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. रोगप्रतिकारक पेशी त्याच्यावर तुटून पडतात, त्यातले पाणी आटते आणि पुष्कळांमध्ये तो काही महिन्यांत आकसतो. नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा, पूर्ण बाहेर पडलेला गर विरघळण्याची शक्यता उलट जास्त असते.

नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर करायची, निम्म्यांनी आधी थांबून पाहायचे, असे ठरले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. उरलेल्यांना लागली नाही. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. फरक एवढाच, की शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर मिळाला. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही. असह्य वेदना लवकर संपवण्याचा तो चांगला मार्ग आहे. पण ‘आता नाही केली तर लुळे पडाल’ ही भीती घालून बहुतेकांना त्या टेबलावर नेण्याचे कारण नाही. निर्णय वेदना किती सहन होते, काम किती अडते यावर, रुग्णाच्या मर्जीने व्हावा.

अर्थात, काही रुग्णांच्या बाबतीत एक दिवसाचाही उशीर परवडत नाही. त्यांची लक्षणे प्रत्येकाला पाठ असायला हवीत. लघवी होईनाशी झाली किंवा आपोआप होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर झाला, किंवा पायांतली शक्ती भराभर कमी होऊ लागली, तर तो घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका दाबला जात आहे असे समजावे. ही कंबरदुखी नव्हे, आणीबाणी आहे. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. इथे एमआरआयला उशीर झाला तर नुकसान कायमचे होऊ शकते.

दुसरा शत्रू खास आपल्या देशातला आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे आणि हाडांच्या क्षयात कणा हे सर्वांत जास्त आढळणारे ठिकाण. इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या रोगाने पाठीला येणारे कुबड आणि पायांतली जाणारी शक्ती यांचे वर्णन केले. क्षयाचा जंतू सापडायला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे लागली. आज औषधे आहेत आणि सरकारी कार्यक्रमातून ती मोफत मिळतात. तरीही निदान उशिरा होते. काही वेळा ताप किंवा खोकला नसतोच, असते फक्त हळूहळू वाढत जाणारी पाठदुखी, जी रात्रीही सोडत नाही. साध्या एक्स-रेत बदल दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, भूक मंदावणे, एखाद्या मणक्यावर हात लावला तरी कळ येणे, यांपैकी काही असेल तर मालिश आणि पट्टा बाजूला ठेवून तपासणीचा आग्रह धरावा. या रोगाच्या उपचारात वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७० च्या दशकात मांडलेला ‘मधला मार्ग’ जगभर नावाजला गेला. औषधे सगळ्यांना, शस्त्रक्रिया ज्याला गरज त्यालाच. हे शहाणपण फक्त क्षयापुरते ठेवण्याचे कारण नाही.

तिसरा गट तरुणांचा. आपल्याकडे मान-पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला ‘स्पॉन्डिलायटिस’ असतो. खरे तर वयोमानाच्या झिजेचे नाव स्पॉन्डिलोसिस आहे आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा वेगळाच, शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे. तो बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. सकाळी अर्धा तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली असते, विश्रांतीने बरे न वाटता हिंडल्या-फिरल्यावर वाटते. दोन्ही दुखण्यांना एकच नाव पडल्याने या तरुणांची वर्षे वाया जातात. चौथा गट वयस्कर स्त्रियांचा. ठिसूळ झालेला मणका साध्या धक्क्यानेही दबतो. आजीची उंची कमी होते, पाठीला पोक येते आणि ‘वय झाले’ म्हणून सगळे सोडून देतात. हाडांच्या ठिसूळपणावर उपचार आहेत आणि पुढचा मणका वाचवता येतो.

खरी विसंगती इथे आहे. ज्यांना एमआरआयची गरज नाही ते काही हजार रुपये मोजून तो काढतात आणि सोबत आयुष्यभराची भीती घरी नेतात. ज्यांना तो वेळेवर हवा असतो, ते ‘कंबरच तर दुखते’ म्हणून थांबतात किंवा थांबवले जातात. दोन्हीकडे दोष यंत्राचा नाही. ऐकून घेण्याचा आणि समजावून सांगण्याचा आहे.

मग करायचे काय? एमआरआयच्या अहवालातच ‘असे बदल या वयातल्या न दुखणाऱ्या लोकांतही आढळतात’ अशी ओळ छापावी, असे सुचवले जाते. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष आला. नुसत्या त्या ओळीने कण्यावरच्या एकूण उपचारांचे प्रमाण घटले नाही. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. ओळ छापायला हरकत नाही, पण कागद माणसाची जागा घेत नाही. ते वाक्य डॉक्टरने रुग्णाच्या डोळ्यांत पाहून, त्याच्या भाषेत उच्चारावे लागते. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना हे अवघड आहे, हे मान्य. चाचणी लिहून देणे एका मिनिटात होते, समजावायला दहा मिनिटे लागतात. कित्येकदा रुग्णच ‘एकदा फोटो काढून टाका’ म्हणून हटून बसतो. तरीही ‘गॅप’, ‘मणका झिजला’, ‘मणका सरकला’ हे शब्द डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टांनी तोंडातून काढून टाकावेत. त्याला पैसाही लागत नाही.

रुग्णानेही अहवाल हातात आल्यावर दोन प्रश्न विचारावेत. यात दिसणारे बदल माझ्या लक्षणांशी जुळतात का? आणि या अहवालामुळे माझा उपचार काही बदलणार आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कागद कपाटात ठेवून चालायला बाहेर पडावे.

‘चालत राहा’ हा सल्ला टेबलाशी बसून काम करणाऱ्याला देणे सोपे आहे. ज्याचे पोटच ओझे उचलण्यावर आहे त्याचे काय? पोते ५० किलोंचे असावे की १०० किलोंचे, हा प्रश्न हमालांच्या संघटनांनी लावून धरला. कण्याच्या आरोग्याला त्याने जेवढा हातभार लागतो, तेवढा दहा व्यायाम-चित्रफितींनी लागणार नाही. दुखणाऱ्या कामगाराला घरी बसवण्याऐवजी काही आठवडे हलके काम देणे, हाही उपचारच आहे. ते मालकाच्या हातात आहे. घरकाम करणाऱ्या बाईने दोन दिवस लादी पुसायला नको म्हटले, तर ते आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल. एवढ्या सगळ्यांचे मणके यंत्रात घालून तपासणे कुठल्याच देशाला परवडणार नाही आणि त्याने त्यांची कंबरही थांबणार नाही. धोक्याची लक्षणे नसतील तर कण्यावर थोडा विश्वास ठेवावा. तो वाकण्यासाठी, वळण्यासाठी आणि भार घेण्यासाठीच घडला आहे. दुखले तर दोन दिवस कामाचा वेग कमी करावा, थांबू मात्र नये. आणि पुन्हा कुणी ‘गॅप आलाय’ म्हणाले, तर हसून सांगावे, तो असायलाच हवा.